मोजणारे आणि मोजले जाणारे

'डेटा' हा शब्द आता पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावीही परका राहिलेला नाही. एसटी स्टँडजवळच्या संगणकवर्गाच्या पाटीवर पूर्वी टंकलेखन आणि टॅली असे. आता तेथे 'डेटा ॲनालिटिक्स' असेही लिहिलेले दिसते. कारखान्यात, बँकेत, रेशनच्या दुकानात, पंचायत समितीच्या कचेरीत, जेथे जावे तेथे माणसाच्या आधी त्याची माहिती पोहोचलेली असते. ज्याच्या हाती माहिती त्याच्या हाती उद्याचे जग, असे महाविद्यालयांतील व्याख्यानांत सांगितले जाते आणि आमची मुले ते मनापासून ऐकतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु एखाद्या गोष्टीचे मूल्य वाढते आहे असे सांगितले जाते तेव्हा ते कोणाच्या दृष्टीने वाढते, ते कोणाच्या श्रमातून उभे राहते आणि त्याचा मोबदला कोणाच्या पदरी पडतो, हे प्रश्न विचारणे हे दलित विचाराचे पहिले काम आहे. या नव्या मूल्याच्या बाबतीत ते काम अद्याप झालेले नाही. प्रस्तुत लेखाचा प्रयत्न तेवढ्यापुरता आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माणसे मोजणे, त्यांचे वर्ग पाडणे आणि त्या वर्गवारीवरून त्यांना काय द्यायचे, काय नाकारायचे हे ठरवणे, ही काही संगणकाने आणलेली नवलाई नव्हे. गावगाड्यात प्रत्येकाची नोंद होती. कोणाचे बलुते किती, कोणी कोणत्या वेशीतून यावे, मेलेले ढोर कोणी ओढावे, या सर्वांचा हिशेब चोख होता; फक्त तो गावाच्या स्मरणात लिहिलेला होता आणि तो बदलण्याचा अधिकार ज्याचा हिशेब मांडला त्याला नव्हता. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोताची वही हीही अशीच माहितीची पेढी होती. उभ्या पिकाचा अंदाज खोताने करायचा, त्यावरून आपला वाटा त्यानेच ठरवायचा आणि कुळाने तो मुकाट्याने घालायचा. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो संप सहा वर्षे चालवला. त्या संपाचा आशय केवळ धान्याच्या मापापुरता नव्हता. माप कोणाच्या हातात असावे हा त्याचा गाभा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच प्रश्नाचे राजकीय उत्तर होते. आजच्या माहिती-विश्लेषणाकडे पाहताना आपण या इतिहासातून आलो आहोत, हे विसरता कामा नये.

तथापि मोजणी म्हणजे केवळ शोषणाचे साधन, असा निष्कर्ष काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. आपल्या चळवळीने आकड्याला नेहमीच शस्त्र मानले आहे. १८९४ साली राजर्षी शाहू गादीवर आले तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या. हा आकडा समोर नसता तर २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याला, निम्म्या जागा मागासवर्गांसाठी राखून ठेवण्याच्या त्या आदेशाला, इतका ठाम पाया मिळाला नसता. बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला त्यात त्यांनी एकराच्या आकड्यावर समाधान मानले नाही. जमीन किती हे मोजून भागत नाही, तीवर भांडवल किती आणि माणसे किती याचे प्रमाण पाहिले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजच्या भाषेत यालाच विश्लेषण म्हणतात. पुढे १९३२ साली मताधिकार समितीपुढे प्रश्न आला तेव्हा संख्येवर प्रतिनिधित्व अवलंबून आहे हे ध्यानात येताच काही प्रांतांतील उच्चवर्णीयांनी आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच असा पवित्रा घेतला. काल विटाळ मानणारे एका रात्रीत विटाळच नाही असे म्हणू लागले. बाबासाहेबांनी हा डाव ओळखला आणि संख्येसाठी ते झगडले. अगदी अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर २०१३ आणि २०१८ च्या पाहणीत हाताने मैला साफ करणारे ५८,०९८ लोक देशात आढळले. त्यांपैकी ज्यांच्या जातीची माहिती मिळाली अशा ४३,७९७ जणांत ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये संसदेत सांगितले. शंभरात सत्त्याण्णव. जात आता कुठे राहिली आहे, असे विचारणाऱ्यांपुढे या एका आकड्याइतके प्रभावी उत्तर मला दुसरे सुचत नाही.

म्हणजे प्रश्न आकडा असावा की नसावा हा नाही. आकडा कसा तयार होतो आणि तो कोणाला वाचता येतो, हा प्रश्न आहे.

या संदर्भात रोह्याचे एक नाते सांगितले पाहिजे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला आणि त्यांचे बालपण रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांना सर्व ओळखतात. परंतु ते १९४५ ते १९६४ या काळात भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते आणि १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली तेव्हा त्या कामाला त्यांचे पाठबळ होते, हे फारसे कोणी सांगत नाही. देशातील प्रत्येक घराचे दार न ठोठावता काही हजार घरे निवडून संपूर्ण देशाच्या गरिबीचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत. शितावरून भाताची परीक्षा, असे आपल्या आया पूर्वीपासून म्हणत आल्या आहेत. पण ही परीक्षा खरी ठरायला एक अट आहे. भात नीट ढवळलेला असला पाहिजे आणि पातेल्यातील प्रत्येक शिताला पळीत येण्याची सारखीच संधी असली पाहिजे. पातेल्याच्या तळाला चिकटलेले, करपलेले शीत पळीत येतच नसेल तर वरच्या शितावरून भात उत्तम शिजला असाच निकाल लागणार. भारतीय समाजाच्या तळाशी कोण चिकटले आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

पेण तालुक्यातील आदिवासी वाड्यांचे उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० होती. त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअकरा टक्के आणि अनुसूचित जातींचे सुमारे पाच टक्के. या आदिवासींत कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे. शासनाच्या यादीत हा समाज विशेष दुर्बळ आदिम गट म्हणून नोंदलेला आहे आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेणलाच आहे. या समाजाचे वर्ष कचेरीच्या कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात. घराला कुलूप नसते, कारण मागे ठेवण्यासारखे काही नसते. पाऊस तोंडावर आला की ती परततात.

आता ४ जुलै २०१५ या दिवसाकडे पाहा. त्या दिवशी महाराष्ट्र शासनाने शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी सर्वेक्षण एका दिवसात केले. शिक्षक घरोघरी गेले, मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली. हेतूबद्दल मी शंका घेत नाही. परंतु जुलै महिन्यात वीटभट्टी बंद असते. त्या दिवशी कातकऱ्याचे पोर वाडीवर असते, शाळेच्या पटावर त्याचे नाव असते आणि पाऊस फार नसेल तर ते शाळेतही असते. तेच पोर नोव्हेंबरात आईबापांबरोबर भट्टीवर जाते आणि कच्च्या विटा उलटत बसते. त्या दिवसापुरता आकडा खराच आला असेल. पण पोराच्या शाळेबद्दल तो काही सांगत नव्हता, तो पावसाबद्दल सांगत होता. यात कोणी खोटे बोलले नाही, कोणी नोंद बदलली नाही. केवळ दिवस निवडण्याने एक वास्तव पुसले गेले. संगणक कितीही वेगवान असो, जे पोर नोव्हेंबरात कोणी मोजलेच नाही ते त्याच्या विश्लेषणात कोठून येणार?

जनगणनेत याची दुसरी बाजू दिसते. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता होणाऱ्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे, म्हणजे माणसांची गणती फेब्रुवारीत होईल. फेब्रुवारीत वाडी रिकामी असते. माणूस जेथे सापडेल तेथे त्याची गणती होते, त्यामुळे पेण तालुक्यातील कुटुंब दुसऱ्याच एखाद्या तालुक्यातील भट्टीवरच्या झापात मोजले जाईल, अथवा मोजायचे राहून जाईल. वाडीचा आकडा खाली आला की वाडीची अंगणवाडी, वाडीचा रस्ता, वाडीचे नळपाणी यांची गरजही कागदावर खाली येते. ज्याला पोटासाठी गाव सोडावे लागते त्याचे गावातले अस्तित्वच अशा रीतीने कमी भरते. यावर उपाय नाही असे नाही. भट्ट्यांची यादी तालुक्यातालुक्यांत आधी तयार करता येते, तेथे स्वतंत्र प्रगणक नेमता येतात आणि मूळ गावाची नोंद आग्रहाने घेता येते. मात्र हे सुचायला कोळसाभट्टी कोणत्या महिन्यात पेटते हे ठाऊक असलेला माणूस नियोजनाच्या टेबलाशी बसलेला असला पाहिजे.

आता आपल्या स्वतःच्या रकान्याकडे वळतो. २०११ च्या जनगणनेत रोहा तालुक्यातील काही वस्त्यांचे प्रगणक म्हणून मी काम केले. पत्रिकेत २९ प्रश्न होते. बहुतेक प्रश्नांची उत्तरे झटपट येत. एका ठिकाणी मात्र बौद्धवाडीतील प्रत्येक ओटीवर थांबावे लागे. धर्म बौद्ध, हे लोक अभिमानाने सांगत. पुढचा प्रश्न अनुसूचित जातीचा आणि त्या जातीच्या नावाचा. एक वृद्ध मला म्हणाले, "गुरुजी, बाबासाहेबांनी जात सोडायला सांगितली ती आम्ही सोडली. आता सरकार विचारते म्हणून पुन्हा तोंडाने घ्यायची का?" मी म्हटले, "आबा, तुम्ही सांगाल तेच मी लिहीन. पण यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही. जातीच्या जागी तेवढेच लिहिले तर तुमची मोजणी अनुसूचित जातीत होणार नाही." ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी नाव सांगितले, पण सांगताना नातवाला आत पाठवले.

हा प्रश्न त्या एका आबांचा नाही. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर, १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. जगाच्या इतिहासात इतक्या थोड्या काळात इतक्या लोकांनी आपला रकाना स्वेच्छेने बदलल्याची उदाहरणे फार नाहीत. परंतु त्याचबरोबर राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९६१ मध्ये साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले, कारण बौद्ध झालेला माणूस कायद्याने अनुसूचित जातीचा राहत नव्हता. १९८१ मध्ये हे प्रमाण ७.१ टक्के होते. १९९० साली कायदा बदलून बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आणि १९९१ मध्ये प्रमाण एकदम ११.१ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत आपल्या घरांत इतकी मुले जन्मली काय? मुख्यतः बदलली ती व्याख्या. माणसे तीच, वाडी तीच, पाणवठ्यावरचे वागणेही बरेचसे तेच. तीन दशके लाखो माणसे एका रकान्यातून बाहेर पडून राज्याच्या हिशेबात वंचित म्हणून दिसेनाशी झाली होती, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ.

२०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख होते. त्यांपैकी सुमारे ५२ लाखांची नोंद अनुसूचित जातीत झाली. उरलेले सगळेच पूर्वाश्रमीचे अस्पृश्य होते असे म्हणता येणार नाही. तरी त्या तेरा लाखांतील मोठा भाग रोह्याच्या त्या ओटीसारख्याच ओट्यांवर हरवला असावा, असे मला वाटते. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने येत्या जनगणनेत सर्व जातींची गणती करण्याचा निर्णय घेतला आहे. १९३१ नंतर प्रथमच देशात असे होईल. त्यामुळे हा प्रश्न पुन्हा आपल्या दाराशी येणार आहे आणि आपल्यात त्यावर दोन मते आहेत. एक मत म्हणते, धम्म स्वीकारल्यावर जातीचे नाव लिहिणे म्हणजे धर्मांतराचा पराभव. या मतामागची वेदना खरी आहे आणि तिला मी हलके लेखत नाही. परंतु मला ते मान्य नाही. जातीचे नाव आपण निर्माण केले नाही. ते आपल्यावर लादले गेले आणि त्याचे परिणाम आजही आपण भोगतो. शासनाच्या पत्रिकेत ते नोंदवणे म्हणजे जात स्वीकारणे नव्हे. तो झालेल्या नुकसानीचा दाखला आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीचे नाव, ही नोंद विसंगत वाटली तरी ती आपल्या समाजाचे वास्तव अचूक सांगते. नातवाला आत पाठवण्याची गरज मात्र उरता कामा नये. त्याला समोर बसवून ही नोंद का केली जाते हे सांगितले पाहिजे.

कामाच्या ठिकाणी या माहिती-मूल्याचे रूप आणखी वेगळे आहे. धाटाव परिसरातील रासायनिक कारखान्यांत आज कामगारापेक्षा यंत्राचे मापक अधिक बोलतात. किती तापमान, किती दाब, कोणत्या पाळीत किती माल, कोण किती वाजता आत आला, या सर्वांची नोंद क्षणाक्षणाला होते. त्यातून अपघात टळतात, नासाडी कमी होते, हे खरेच आहे. परंतु ठेकेदाराकडचा कामगार बोटाचा ठसा देऊन आत जातो आणि वर्षअखेर आपले किती दिवस भरले हे विचारतो तेव्हा त्याला चिठ्ठी मिळत नाही. त्याच्या अंगमेहनतीतून तयार झालेली माहिती त्याची नसते. रोजगार हमीच्या कामावरही हेच झाले. हजेरीपट गावात वाचता येत असे. खोटी नावे असली तर गावकरी बोट ठेवून दाखवत. १९९४ पासून राजस्थानातील मजुरांनी असेच हजेरीपट जाहीर सभेत वाचले आणि माहिती अधिकाराच्या चळवळीला तेथून बळ मिळाले. जानेवारी २०२३ पासून या कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र मोबाईलवरून चढवणे सक्तीचे झाले. डोंगरातील कामावर नेटवर्क नसले की दिवसभर खणलेली माती त्या दिवसापुरती खणलेलीच नसे. पूर्वी चुकीची नोंद कोणी केली हे माणसाला माहीत असे. आता 'सिस्टीम घेत नाही' एवढेच उत्तर मिळते, आणि सिस्टीमचा पत्ता कोणाला ठाऊक नसतो.

अंगठ्याचा इतिहास तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मावरून माणसांच्या याद्या केल्या आणि १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांची कचेरी उघडली. आज तोच अंगठा रेशनच्या यंत्रावर ठेवला जातो. विटा थापून, माती कालवून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्याला यंत्र ओळखत नाही. ज्याने सर्वांत जास्त कष्ट केले त्याची ओळख सर्वांत आधी पुसली जावी, यातील अन्याय कोणत्याही सरासरीत दिसत नाही. यंत्र शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर चालते असे सांगितले, तरी उरलेले दोन दर महिन्याला कोण असतात हे विचारले पाहिजे.

लाभ देणाऱ्या योजनांतही हेच तत्त्व उलट दिशेने काम करते. राज्यात २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत निरनिराळ्या खात्यांची माहिती एकमेकांशी ताडून पाहण्यात आली आणि जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार नावांचा लाभ तात्पुरता थांबवण्यात आल्याचे शासनाने जाहीर केले. काही ठिकाणी पुरुषांनी अर्ज केल्याचे, काही कुटुंबांत मर्यादेपेक्षा अधिक लाभार्थी असल्याचे आढळले. अशी लबाडी शोधणे योग्यच आहे. परंतु हा आकडा रायगड जिल्ह्याच्या २०११ मधील संपूर्ण लोकसंख्येइतका आहे. एका जिल्ह्याएवढी नावे आधी थांबली आणि पडताळणी नंतर व्हायची होती. त्या नावांत कोण लबाड आणि कोणाचे केवळ नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले, हे संशयिताने सिद्ध करायचे. ज्याच्या घरात शिकलेला माणूस आहे त्याला हे दोन फेऱ्यांत जमते. ज्याची एका दिवसाची मजुरी बुडते त्याला जमत नाही.

यंत्राला जात नसते, असे आपल्यातील काही तरुण उत्साहाने म्हणतात. मुलाखतीला बसलेल्या सवर्ण अधिकाऱ्यापेक्षा यंत्र बरे, ही त्यांची भावना मला समजते. त्यामागे अपमानाचा अनुभव आहे. पण यंत्र शिकते ते मागच्या नोंदींवरून. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडणारे एक यंत्र तयार करून पाहिले. पूर्वीच्या अर्जांत पुरुषांचा भरणा होता, म्हणून यंत्र स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागले आणि ते सोडून द्यावे लागल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. स्त्री की पुरुष हे त्याला सांगावे लागले नव्हते. आपल्याकडे तर जात न विचारता ओळखण्याची कला फार जुनी आहे. आडनाव काय, राहता कुठे, एवढे विचारले की गावाला पुरत असे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो स्वागतार्ह आहे. परंतु गावाबाहेरच्या ज्या वस्तीचे नाव समतानगर झाले तेथील कर्जदारांना आजवर कर्ज कमी मिळाले असेल, तर 'समतानगर' हा शब्दच यंत्राला पुरेसा आहे. जातीचा रकाना नसलेले यंत्र जातिमुक्त असते हा समज भाबडा आहे. रकाना नसल्यामुळे भेदभाव सिद्ध करणे मात्र अवघड होते.

आकडे सुबक मांडलेले असले म्हणजे ते खरेच असतात असेही नाही. याचा धडा पेणला मोठी किंमत देऊन मिळाला आहे. पेण अर्बन सहकारी बँकेवर २०१० साली रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि बनावट कर्जखात्यांचा प्रकार बाहेर आला. तोवर ताळेबंद जुळत होते. ठेवीदारांत निवृत्त लोक, छोटे दुकानदार, कष्टकरी होते; त्यांच्या पासबुकातील आकडा खरा होता, बँकेच्या वहीतील खोटा. वही पाहण्याचा अधिकार त्यांना नव्हता. माहितीचे हे असमान वाटप हाच या साऱ्या उदाहरणांना जोडणारा धागा आहे. आपली सर्व माहिती त्यांच्याकडे, त्यांची कोणतीच आपल्याकडे नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि वैयक्तिक माहिती म्हणून नकार देण्याची वाट आणखी रुंद केली. गोपनीयता प्रत्येकाला हवी, आपल्याला तर अधिकच हवी. परंतु त्या नावाखाली हजेरीपट आणि लाभार्थ्यांची यादीच झाकली गेली तर गोपनीयतेचा फायदा कोणाला होईल?

येथे आपल्या साहित्याविषयीही बोलले पाहिजे. दलित आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाला जे दिले ते एका अर्थाने रकान्याबाहेरचे वास्तव होते. भूक किती टक्के हे सरकारी अहवाल सांगत होता, भूक कशी असते हे आत्मकथनाने सांगितले. म्हणून आपल्या समीक्षेने अनुभवाला प्रमाण मानले आणि आकड्याकडे प्रस्थापितांची भाषा म्हणून पाहिले. त्या काळी हे आवश्यक होते. पण आज निर्णय आकड्यांच्या भाषेत होतात आणि त्या भाषेत आपण निरक्षर राहिलो तर आपला अनुभव केवळ हळहळण्याचा विषय होईल. अनुभव आणि आकडा यांची फारकत बाबासाहेबांनी कधी केली नव्हती. ज्यांनी महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेच रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहीत होते, आणि दोन्ही कामे त्यांच्या दृष्टीने एकाच लढ्याची होती.

तेव्हा पेण-रोह्यातील जी मुले आज माहितीचे विश्लेषण शिकत आहेत त्यांना मी नाउमेद करणार नाही. त्यांनी जरूर शिकावे आणि पगारही मिळवावा. माझी अपेक्षा एवढीच, की त्यांनी वाडी विसरू नये. समोर आकडा आला की तो कोणत्या महिन्यात गोळा केला, कोणी केला, कोण घरी नव्हते आणि कोणत्या रकान्यात कोण कोंबले गेले, हे प्रश्न त्यांनी विचारावेत. हे प्रश्न विचारण्याचे शिक्षण त्यांना जन्माने मिळालेले आहे. प्रत्येक वाडीत एक साधी वही असावी. स्थलांतराला कोण गेले, कधी गेले, कोणाचे रेशन अडले, कोणाचे दिवस बुडाले, हे त्यात लिहावे. ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचण्याचा आग्रह धरावा. फेब्रुवारी २०२७ पूर्वी बौद्धवाडीत आणि आदिवासी वाडीत बसून पत्रिकेतला प्रत्येक प्रश्न समजावून सांगावा. ही कामे लहान आहेत आणि त्यांना कोणी 'ॲनालिटिक्स' म्हणणार नाही. परंतु उद्या सरकारी तक्ता एक सांगेल आणि आपली वही दुसरे सांगेल, तेव्हा निदान वाद घालण्याइतका पुरावा आपल्या हाती असेल. आजवर मोजले गेलेल्यांनी आता मोजायला बसले पाहिजे.